प्रेमलताच्या पत्राचं उत्तर

विठ्ठल चुरींनी आयुष्यात एकाच पत्राचं उत्तर दिलं नव्हतं. एरवी पत्राच्या बाबतीत माणूस काटेकोर. आगाशीच्या वाचनालयात त्यांनी एकतीस वर्षं सकाळी वाडी सांभाळून संध्याकाळी पुस्तकं दिली-घेतली होती, आणि त्याच टेबलावर गावातल्या निम्म्या बायकांची माहेरची पत्रंही लिहून दिली होती. कुणाच्या सासूचा जाच, कुणाची ख्यालीखुशाली, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरातून गेलेलं. पण सहासष्ट सालातलं धाकट्या बहिणीचं एक आंतर्देशीय तसंच राहिलं.

प्रेमलता केळव्याला दिलेली होती. सातव्या महिन्यातच ती बाळंत झाली. मुलगा झाला आणि नवव्या दिवशी गेला. त्यानंतर महिन्याभरानं तिनं लिहिलं होतं: 'दादा, इथे कोणी काही बोलत नाही. त्या दिवशी मी विहिरीवरून दोन कळशा आणल्या होत्या. त्यानं झालं असेल का? तू एवढं वाचतोस, तुला ठाऊक असेल. माझं काय चुकलं ते कळव.'

विठ्ठलनी ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. काय लिहावं ते कळेना. नीट विचार करून चांगलं लिहू म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. महिना गेला, वर्ष गेलं, आणि मग इतक्या उशिरा लिहायचं तरी काय, अशी लाज वाटायला लागली. पुढे प्रेमलताला दोन मुली झाल्या. दर भाऊबीजेला ती यायची, ओवाळायची. ताट खाली ठेवताना क्षणभर त्यांच्या तोंडाकडे बघायची. ते निरांजनाकडे बघायचे. मग दोघं केळीच्या बागांबद्दल बोलायची. अशी छत्तीस वर्षं झाली. पत्र ट्रंकेत तळाशी होतं.

आता विठ्ठलचे नाना झाले होते. वय अडुसष्ट, पाठीला थोडा बाक, आणि स्वभाव असा की बसमध्ये आपला थांबा चुकला तर कंडक्टरला विचारण्यापेक्षा पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागं येत.

त्या जानेवारीत वाडीत राजेळीचे घड भरून उतरले होते. राजेळी म्हणजे सुकेळीचं केळं. घड उबेत पिकवायचे, केळी सोलायची आणि कारवीच्या माचावर चटया टाकून त्यांवर ओळीनं उन्हात मांडायची. सूर्य कलला की एकेक उचलून केळीच्या सुक्या पानांत गुंडाळायची, वर गोधडी घालून घरात ठेवायची, सकाळी पुन्हा बाहेर. आठ दिवस हे केलं की केळं आक्रसून मधाच्या रंगाचं होतं, तीच सुकेळी. त्या दिवसांत घरात कुणाचेच हात मोकळे नसत. नाना पाण्याच्या पाळीवर, त्यांची बायको कृष्णाबाई माचावर. मुलगा सिद्धेश गोखिवऱ्याच्या कारखान्यात कामाला, पण तोही जाण्याआधी दोन घड उतरवून जाई.

मोकळे हात एकटीचे होते, आणि तेच तिला खुपत होतं. सून सुरुची पहिलटकरीण होती. बाळाची वार पिशवीत खाली आहे, जिना नको, प्रवास नको, वजन उचलायचं नाही, पडून राहा, असं डॉक्टरीणबाईंनी पाचव्या महिन्यातच सांगितलं होतं. तिचं माहेर तुळिंजला, तिसऱ्या मजल्यावर. म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. तिच्या आईला ते लागलं होतं. दर रविवारी ती डिंकाचे लाडू घेऊन यायची आणि जाताना डोळे पुसायची.

सासऱ्या-सुनेचं बोलणं फारसं नव्हतं. जे होतं ते पुस्तकांतून. नाना वाचनालयातून कादंबरी आणून तिच्या उशाशी ठेवत. दोन दिवसांनी ती विचारी, "नाना, पुढचा भाग मिळेल?" तेवढंच. पण तेवढ्यावर दोघांचं बरं चाललं होतं.

एक दिवस ती म्हणाली की बसून केळी तरी सोलू द्या, नाहीतर वेड लागेल. कृष्णाबाईंच्या मनात नव्हतं. नानांनीच ओटीवर आरामखुर्ची टाकली आणि तिच्या मांडीवर सूप दिलं. तुळिंजची पोर, पण साल सोडवताना केळ्याला नखही लागू देत नसे.

आठवडाभरानं एका दुपारी चारच्या सुमाराला समुद्राकडून आभाळ काळं होऊन आलं. सोललेल्या केळ्याला पाऊस लागला की आठ दिवसांची मेहनत बुरशीला जाते. नाना वाडीच्या टोकाला होते. तिथून त्यांना कधी नव्हे तो मोठा आवाज फुटला, "आभाळ आलं, केळी उचला!"

ते धावत आले तेव्हा कृष्णाबाई पदर खोचून चटया ओढत होत्या आणि दुसऱ्या टोकाला सुरुची वाकून चटई उचलत होती. कुणी तिला 'तू नको' म्हणालं नाही. त्या घाईत सुचलंच नाही. शेवटची ओळ आत गेली, चार थेंब पडले आणि आभाळ फाकलं. केळ्यांना काही झालं नाही.

सुरुची पायरीवर बसली होती. ती हळूच म्हणाली, "आई, जरा इकडे या." तिचा गाऊन मागून रक्तानं भिजला होता.

शेजारच्या सिप्रियनचा फुलांचा टेम्पो होता. त्यानं मोगऱ्याच्या टोपल्या अंगणातच उतरवल्या, घरातली गादी आणून आत टाकली. कृष्णाबाईंनी सुनेचे पाय उशीवर घेतले. "काका, तुमी तिच्याशी बोलत ऱ्हावा," सिप्रियन म्हणाला. "झोपू देऊ नका." मग ती वाचत असलेल्या कादंबरीची गोष्ट नाना पुढे सांगू लागले. घाबरलेल्या आवाजात, भराभरा, पानं उलटल्यासारखी. वसईच्या दवाखान्याच्या फाटकाशी टेम्पो वळला तेव्हा सुरुची डोळे मिटूनच म्हणाली, "शेवट सांगू नका, नाना."

मुलगी झाली. पोट फाडून काढली, साडेतेराशे ग्रॅम. नानांनी काचेच्या पेटीत तिला पाहिलं तेव्हा त्यांच्या मनात आलं की राजेळीच्या एका फणीचं वजन याहून जास्त भरतं. मनात आलं त्याचीही त्यांना शरम वाटली. लालसर अंग, कपाळावर म्हाताऱ्यासारख्या आठ्या, नाकात नळी. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडायचा.

केळी कुणासाठी थांबत नाहीत, म्हणून कृष्णाबाई वाडीत राहिल्या. सिद्धेश कामावरून परस्पर येऊन रात्री थांबे. दिवसाचा डबा नानांकडे आला. अकराच्या बसनं ते जात, बाकावर बसत, पुस्तक उघडत आणि तेच पान दुपारपर्यंत धरून ठेवत.

सुरुची पेटीपाशी जाई, काचेतून बघे आणि परत येई. पेटीला हात घालायला गोल झडप होती. बाकीच्या आया त्यातून बोट आत घालून बाळाचा तळवा चाळवायच्या. ही हात मागं बांधून उभी राही. "माझ्या हातून काहीतरी होईल," असं तिनं सिद्धेशला सांगितलं होतं. दर तीन तासांनी वाटीत दूध काढायचं असे. शेजारच्या खाटेवरची बाई बोलता बोलता वाटी भरून टाके. सुरुची पाठमोरी होऊन अर्धा अर्धा तास दाबत बसे, आणि वाटीच्या तळाला डोळ्यात घालायच्या औषधाएवढं काहीतरी जमे. सिस्टर ते नळीत ओढून घ्यायच्या, एक थेंब टाकायच्या नाहीत. पण सुरुचीला वाटे, सगळा वॉर्ड आपल्या वाटीकडे बघतो आहे.

आठव्या दिवशी ती डब्यासमोर नुसतीच बसली होती. टाके ओढत होते, म्हणून एका अंगावर कललेली. नाना मनातल्या मनात दिवस मोजत होते. उद्याचा नववा.

"नाना, मी ती चटई उचलली नसती तर?"

नानांनी भाजीची वाटी तिच्याकडे सरकवली.

"सगळे म्हणतात, असं काही मनात आणू नकोस. तुम्ही खोटं बोलत नाही. तुम्ही सांगा ना, माझं काय चुकलं?"

छत्तीस वर्षांपूर्वीचं वाक्य जसंच्या तसं समोर आलं. आपणच ओरडलो, आपणच सूप दिलं, हे सांगावं असं वाटलं. पण त्यानं तिचं ओझं कमी होईल की वाढेल ते कळेना.

"डबा गार होतोय," ते म्हणाले.

ती मान खाली घालून जेवू लागली. ते अर्धा तास आधीच उठले आणि बस न धरता स्टँडच्या पुढेही चालत राहिले.

संध्याकाळी माचावर केळी उचलताना त्यांच्या हातातून दोन सुटून धुळीत पडली. कृष्णाबाईंनी ती पुसून वेगळी ठेवली आणि काय झालं म्हणून विचारलं. नानांनी आधी सुनेचं सांगितलं, मग प्रेमलताचं. हे पत्र त्यांनी बायकोलाही कधी दाखवलं नव्हतं. कृष्णाबाई हातातलं केळं पानात गुंडाळत ऐकत होत्या.

"तरीच ती भाऊबीजेला जेवताना कोनाशी बोलत नसे," त्या म्हणाल्या. मग गोधडी सारखी करत, "पुस्तकात नसंल ते मानसाला इचारायचं असतं. डाक्टरीन रोज तुमच्या समोरून जाते ना?"

नवव्या दिवशी नाना पहिल्याच बसनं गेले. बाळ होतं. श्वास घेत होतं. डॉक्टरीणबाई बाहेरून दोनदा गेल्या. दोन्ही वेळा नाना उठून उभे राहिले आणि दोन्ही वेळा त्या पुढे निघून गेल्या. तिसऱ्या वेळी नाना वाटेतच उभे राहिले.

"माझ्या सुनेचं विचारायचं होतं," ते म्हणाले. "तिनं चटई उचलली होती. मीच ओरडलो होतो, आभाळ आलं म्हणून."

बाई थांबल्या. त्यांनी सांगितलं की वार पहिल्यापासून खाली होती, ते रक्त आज ना उद्या जाणारच होतं. झोपेत गेलं असतं तर कदाचित कळलंही नसतं. त्या वेळी घरात सगळे जागे होते, शेजारी गाडी होती, म्हणून दोघी वाचल्या. "मी तिला हे दोनदा सांगितलंय," त्या म्हणाल्या. "पण तिला ते घरातल्या कुणाकडून ऐकायचंय."

नानांनी मान हलवली, पण वाट सोडली नाही.

"आणि विहिरीवरून कळशा आणल्या तर? दोन?"

"तुमच्याकडे ती अजून विहिरीवर जाते?"

"ती नाही. ही फार जुनी गोष्ट आहे. सहासष्टची."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "रोज कळशा वाहणाऱ्या बाईला दोन कळशांनी काही होत नाही, नाना. पुष्कळ वेळा लवकर का झालं, ते आम्हालाही शेवटपर्यंत कळत नाही. आणि त्या काळी अशी मुलं गार पडूनच जायची. त्यात आईचा काय दोष?"

नाना वॉर्डात गेले. सुरुची वाटी घेऊन पाठमोरी बसली होती. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, म्हणजे तिला अवघडायला नको.

"सुरुची, तुझं काही चुकलं नाही. वार पहिल्यापासून खाली होती. चटईचा संबंध नाही. मी विचारून आलो."

मागं वाटी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"तुम्ही विचारलंत?" ती म्हणाली. "तुम्ही?"

"हो. त्यांना वाटेत अडवून."

ती हसली. थांबा चुकवणारे नाना दवाखान्यात डॉक्टरला अडवतात, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं असावं. हसता हसता ती रडू लागली, आणि बराच वेळ रडत राहिली. शेजारची बाई उठून तिच्याजवळ बसली. मग ती बाईच म्हणाली, "अगं, वाटी धर, वाटी धर." सुरुचीचा गाऊन पुढून ओला झाला होता. नाना बाहेर आले. त्या दिवशी वाटी अर्धी भरली, हे त्यांना सिस्टरनी सांगितलं. सांगताना त्यांनी बोटानं वाटीवरची खूण दाखवली.

सिस्टर म्हणत होत्या की बाळाला आता आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, कातडीला कातडी लावून. त्याला पेटीपेक्षा ती ऊब मानवते. सुरुची म्हणाली, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हणाली, उद्या. तिसऱ्या दिवशी कृष्णाबाई माच शेजारणीच्या हवाली करून स्वतः आल्या. पिशवीत धुऊन मऊ झालेलं जुनं सुती लुगडं होतं.

त्या वेळी पुरुषांना आत सोडत नव्हते. नाना पडद्याबाहेर बसून ऐकत होते.

"आई, ती घसरेल."

"नाय घसरत. तू मागं रेल. हां. पाय आधी पोटाशी घ्यायचे तिचे, असे. मग खालून वर गुंडाळत यायचं."

"फार आवळू नका."

"चाळीस वर्सं गुंडाळते, बाय. गार होऊ द्यायचं नाय, घामेजू द्यायचं नाय. नाक मोकळं ठेवायचं. एवढंच असतं."

"ही काय सुकेळी आहे?"

"त्याच्यापरीस लहान हाय."

वॉर्डातल्या बायका हसल्या. सिस्टरही हसल्या आणि म्हणाल्या की गाठ छान बसली आहे, बाकीच्यांनाही शिकवून जा. नाना मान पुढे करून ऐकत राहिले. पुष्कळ वेळानं सुरुचीचा आवाज आला, इतका हळू की तो कुणाला उद्देशून होता ते कळेना.

"आई, हिचा श्वास माझ्या श्वासाबरोबर चाललाय."

त्या दिवसापासून मुलीचं नाव सुकेळी पडलं. तुळिंजच्या आजीला ते मुळीच आवडलं नाही. पण तीही पुढच्या रविवारी पडद्यामागं जाऊन "कुठे आहे आमची सुकेळी" म्हणाली.

अडतिसाव्या दिवशी अठराशे ग्रॅमची सुकेळी सिप्रियनच्या टेम्पोतून घरी आली. या वेळी पुढच्या सीटवर, आईच्या छातीशी बांधलेली. दारात सिप्रियन म्हणाला, "काकी, हिला दादरला नाय पाठवायची ना माझ्या फुलांसंगं?" बाळावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा होता, म्हणून कृष्णाबाईंनी त्याला गप्प बसवलं.

कृष्णाबाईंनी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून ठेवली होती, ओवा टाकून. धुराची मनाई होती. सुरुची उंबऱ्याबाहेर थांबली आणि हळूच म्हणाली, "आई, सिस्टरनी धूर नको म्हटलंय." कृष्णाबाईंचं तोंड उतरलं. सिद्धेशला शेगडीनंच शेकलं होतं, नानांनाही, या घरातल्या सगळ्यांना. त्या शेगडी उचलून अंगणात घेऊन गेल्या आणि तिच्यावर वांगी भाजली. भरीत चांगलं झालं.

मग वाडीतले दिवस सुकेळीच्या वेळेवर चालू लागले. दर दोन तासांनी दूध, चमच्यानं, मग हळूहळू ओढून. दुपारी सुरुचीच्या अंघोळीच्या वेळी पोरीला उबेसाठी कुणीतरी आपली छाती द्यायची. सिद्धेश सुट्टीच्या दिवशी सदरा काढून ओटीवर आडवा पडे. सिप्रियन कुंपणावरून विचारी, "पान्हा फुटला काय रे?" सिद्धेश पोरीला उठवायला नको म्हणून हसू दाबी, आणि त्याच्या पोटाबरोबर ती वरखाली होई. सुरुचीला अजूनही मधूनच भीती येई. दूध पिता पिता पोर झोपली की ती तिच्या नाकाखाली बोट धरून बसे. पण आता तसं करताना ती कुणाला तरी हाक मारी. बहुतेक नानांनाच. नाना येऊन आपलंही बोट धरत आणि म्हणत, "आहे."

एप्रिलमध्ये एका दुपारी कृष्णाबाई माचावर होत्या, सिद्धेश कामावर. अंघोळीचं पाणी तापलं होतं. सुरुची पोरीला घेऊन नानांसमोर उभी राहिली. नाना म्हणाले, "मला जमणार नाही."

"तुम्ही नुसतं बसायचं, नाना. वाचत."

त्यांनी खोलीत जाऊन सदरा काढला. छातीवरचे पांढरे केस बघून त्यांनाच संकोच वाटला. सुरुचीनं पोर ठेवली, लुगडं खालून वर गुंडाळलं, सासूनं शिकवलं तसं, आणि गाठ मारली. पोर थोडी कुरकुरली, एक पाय त्यांच्या पोटात खुपसला आणि झोपली. केवढीशी, पण जड. नानांना आपल्याच काळजाचे ठोके ऐकू आले आणि त्यांच्यावरून दुसरे, दुप्पट घाईचे.

हात मोकळे होते. त्यांनी सुरुचीला टेबलावरची फळी, पेन आणि कपाटातलं कोरं आंतर्देशीय द्यायला सांगितलं.

"कुणाला लिहिताय?"

"प्रेमलताला."

"आत्यांना? मग फोन करा की."

"तिनं पत्र पाठवलं होतं," नाना म्हणाले.

सुरुची अंघोळीला गेली. नानांनी लिहायला सुरुवात केली. लांबलचक खुलासा सुचत होता, आपण इतकी वर्षं का लिहिलं नाही त्याचा. दोन ओळी लिहून त्यांनी त्या खोडल्या. खाडाखोड केलेलं पत्र त्यांनी आयुष्यात कुणाला पाठवलं नव्हतं. पण दुसरं आंतर्देशीय घ्यायला उठलं असतं तर पोर जागी झाली असती. म्हणून त्यांनी खाली तसंच लिहिलं:

'प्रेमलता, तुझं काही चुकलं नव्हतं. कळशांनी काही झालं नाही, मी डॉक्टरांना विचारलं. मला तुझ्याइतकंच कळत नव्हतं आणि तेवढं कबूल करायचीही मला लाज वाटली. उत्तराला छत्तीस वर्षं लागली, ती माझी चूक. तुझ्या मुलाचं नाव तू मनात काय ठेवलं होतंस, ते मला कधी विचारता आलं नाही. ठेवलं असलंस तर कळव. आमची नात सुकेळी माझ्या छातीवर झोपली आहे, म्हणून अक्षर वाकडं आलं. तिला बघायला ये. भाऊबीजेपर्यंत थांबू नकोस. दादा.'

सुरुची ओले केस पुसत आली, पोर सोडवून घेतली. नानांच्या छातीवर ती होती तेवढी जागा ओलसर आणि गरम राहिली. त्यांनी सदरा घातला, पत्र चिकटवलं, चपला घातल्या. माचावरून कृष्णाबाईंनी विचारलं की भर उन्हात कुठं निघालात. त्यांनी हातातलं आंतर्देशीय वर करून दाखवलं. कृष्णाबाईंनी नुसती मान हलवली आणि पुढची ओळ परतायला घेतली.

आगाशीच्या नाक्यावर पेटी तापलेली होती. नानांनी पत्र आत सोडलं. कुठे अडकलं तर नाही, म्हणून मनगटापर्यंत हात घालून चाचपलं.

मागं टेम्पो येऊन थांबला. "काका, हात अडकला काय?" सिप्रियननं विचारलं.

"नाही," नाना म्हणाले. "पडलं आत."

ते पुढच्या सीटवर चढून बसले. केळी उचलायच्या वेळेपर्यंत घरी पोचायचं होतं.